आंदणाची म्हैस

सगुणाबाई कोळपेच्या गोठ्यात कुणी नवखा माणूस शिरला, की ती त्याला आधी म्हशीची आई सांगायची, मग आजी, आणि तो तेवढ्यात सटकला नाही तर पणजीसुद्धा. म्हैस दूध किती देते एवढंच विचारायला आलेला माणूस सोयरिकीच्या बैठकीत सापडल्यासारखा मान हलवत बसायचा. तिचा नवरा ज्ञानू अशा वेळी वैरणीचं निमित्त काढून मागच्या अंगाला जायचा. त्याला हा वंश तोंडपाठ झाला होता आणि पुन्हा ऐकायची हौस उरली नव्हती.

यात तसं नवल काही नव्हतं. कोळपे मूळचे मेंढरंवाले. सगुणाबाईच्या सासऱ्यानं घोड्यावर बिऱ्हाड टाकून मेंढरांमागं कोकणापर्यंत पायपीट केलेली. पुढं मेंढरं गेली, शिरूरहून न्हावऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला जमीन झाली, कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला आणि मेंढरांच्या जागी म्हशी आल्या. बघायची नजर मात्र मेंढरांचीच राहिली. सासरा सांगायचा, कळपात रोग शिरला की रडत बसू नये, डोळे उघडे ठेवावेत. रोग सगळ्यांनाच धरतो. ज्या मेंढीला धरून सोडून देतो ती हेरून ठेवायची आणि पुढचा कळप तिच्या पोटचा करायचा. बाकीच्यांचा मोह धरायचा नाही, त्यांना बाजार दाखवायचा.

काही वर्षांपूर्वी सगुणाबाईच्या गोठ्यात म्हशी गाभडायला लागल्या, तेव्हा तिनं हाच धडा गिरवला. चांगल्या सात-आठ महिन्यांच्या गाभण म्हशी, एकीमागून एक पोटातलं टाकत होत्या. ज्ञानूनं देवऋषी केला, अंगारा केला, गोठ्याचं तोंड बदललं. त्या सगळ्या धुमाळीत एकटी भुरी दिवस भरून व्याली, आणि तीही अशी सहज की सकाळी उठून बघावं तर पारडी उभी राहून आचळं शोधतेय. सगुणाबाईनं गाभडलेल्या म्हशी बाजारात नेल्या. भुरी ठेवली. मग गोठा भरला तो भुरीच्या लेकी-नातींनी. त्यानंतर तिच्या दावणीला एकही म्हैस गाभडली नाही. तिची मान जी ताठ झाली ती झालीच.

म्हणून पूनमचं लग्न ठरलं तेव्हा आंदण काय द्यायचं याचा विचार तिला करावाच लागला नाही. दौंड तालुक्यात खुटबावला मारुतरावांच्या घरी लेक दिली. माणसं चांगली, जावई विक्रम शिक्रापूरला कंपनीत, खोली करून राहणारा आणि सुट्टीला घरी येणारा. लोक फ्रीज देतात, सोफा देतात. सगुणाबाईनं भुरीची लेक दिली. साळू तिचं नाव, पहिलारू, गाभण, अंगानं अशी की माणसं रस्त्यात थांबून बघायची. टेम्पोत चढवताना सगुणाबाई साळूच्या कपाळाला हळदकुंकू लावून रडली. लेकीसाठी जेवढी रडली तेवढीच रडली, असं ज्ञानू नंतर म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

साळू खुटबावला पावसाळ्यात बिनबोभाट व्याली. आणि हिवाळा सरता सरता मारुतरावांच्या म्हशी गाभडायला लागल्या. एक, मग दुसरी, मग तिसरी. साळू तेवढी धडधाकट, दोन्ही वेळा बादली भरून देणारी. पूनमची सासू गिताबाई गावभर सांगत सुटली की सूनबाईच्या पायगुणानंच एवढी एक म्हैस वाचली, नाहीतर गोठा ओस पडला असता. पूनमला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तर गिताबाईला तिला कुठं ठेवू नि कुठं नको असं झालं. सगुणाबाईनं फोनवर सांगून ठेवलं, "विहीणबाई, साळूची निरसी धार देत जा तिला. तापवू नका. म्हैस टणक हाय, लेकरूबी तसंच टणक व्हईल."

सगुणाबाई स्वतः खुटबावला फार वेळा गेली नव्हती. गेली तरी पाण्याची बाटली पिशवीत घेऊन जायची. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही त्यांच्यातली जुनी रीत. हल्ली कुणी पाळत नाही. पाळणाऱ्याला पोरंसोरं हसतात. गिताबाईही हसली होती, पण त्या हसण्यात मान होता. "नातवाच्या तोंडानं पिणार व्हय पाणी," असं म्हणून तिनं पुढं केलेला तांब्या मागं घेतला होता.

चैत्र संपत आला होता तेव्हा डॉक्टर वैष्णवी वस्तीवर आली. ही जनावरांच्या कॉलेजातली तरुण मुलगी वर्षभर शिरूर-दौंडच्या गोठ्यांतून म्हशींचं रक्त गोळा करत फिरत होती. कुठल्या म्हशी कुठल्या रोगाला दाद देत नाहीत आणि ते त्यांच्या वंशात कुठून येतं, याचा तिचा अभ्यास चालला होता. बाकी लोक तिला बाटल्या भरून झाल्या की वाटेला लावत. सगुणाबाईनं मात्र तिला भुरीच्या पणजीपर्यंत नेलं होतं आणि ती पोरगी सगळं लिहून घेत बसली होती. जन्मात पहिल्यांदा सगुणाबाईला ऐकणारं माणूस भेटलं होतं.

"मावशी, तुमच्या भुरीचं रक्त फार मोलाचं निघालं," वैष्णवी ओट्यावर टेकत म्हणाली.

सगुणाबाईनं आधी ज्ञानूकडं बघितलं, ऐकतोय ना याची खात्री केली, आणि मग पोरीला पुढं बोलू दिलं.

"सगळ्या म्हशी वरून सारख्या दिसल्या तरी आतली घडण थोडी थोडी वेगळी असते. ती आईबापाकडून येते. हा जो गाभडायचा रोग आहे ना, त्याचा जंतू अंगात शिरला की बहुतेक म्हशींत तो मोकाट वाढतो. काही थोड्या म्हशींचं रक्त त्याला कोंडून ठेवतं. भुरीच्या वंशात ती ताकद आहे. भुरीत आहे, तिच्या लेकींत आहे, आणि हे जे भुरीचं आत्ताचं रेडकू आहे ना, त्याच्यातही आहे. हे रेडकू आम्हाला मिळालं, तपासून निर्मळ निघालं, तर पुढं त्याच्यापासून असे शेकडो गोठे उभे राहतील."

"म्या काय येगळं सांगत व्हते?" सगुणाबाई म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की ज्ञानूलाही हसू आलं. रेडकाला दोन महिन्यांत बाजार दाखवायचा हे त्याच्या मनात होतं, ते त्यानं गुपचूप गिळलं.

"तुमची नजर बरोबर होती, मावशी. पण एक आहे." पोरीनं वही मिटली. "कोंडलेला जंतू मेलेला नसतो. भुरीच्या अंगात तो अजून आहे. ती व्याली की मागून पडणाऱ्या जारातून, अंगावरच्या पाण्यातून बाहेर पडतो, दुधातूनही पडतो. तिला काही होत नाही. शेजारच्या दावणीला होतं."

"न्हाई व्हायचं. माझ्या दावणीला कुणी गाभडलं न्हाई त्यानंतर."

"कारण तुमच्या दावणीला सगळ्या तिच्याच लेकी आहेत. सोसणाऱ्या. तुम्हाला वाटलं, रोग भुरीला धरून सोडून गेला. त्यानं सोडलं नाही, तो तिच्यात राहायला आला."

दावणीला भुरी डोळे मिटून रवंथ करत होती. इतकी वर्षं तिच्याकडं बघताना छाती भरून यायची, आज पहिल्यांदा तिच्याकडं बघवेना.

"लेकींत येतो का?" तिनं विचारलं.

"एखादीत येतो. आईच्या पोटातूनच. न व्यालेली वगार असेपर्यंत तपासालाही सापडत नाही, पहिल्या वेताला उठतो."

"आन् माणसांना?"

"होतो. दिवस कलला की ताप चढतो, घाम येतो, सांधे दुखतात. लोक टायफॉईड समजून गोळ्या घेत राहतात. दूध उकळून प्यायलं तर काही भीती नाही. निरसं प्यायलं, नाहीतर जारात उघडे हात घातले, तर. पोटुशी बाई असेल तर फारच जपायला हवं." वैष्णवीनं गुडघे चोळत बसलेल्या ज्ञानूकडं बघितलं. "तुम्ही दोघंही एकदा रक्त तपासून घ्या. आणि मावशी, या वंशातली म्हैस कुठं बाहेर दिलीत का?"

"न्हाई," सगुणाबाई म्हणाली.

का म्हणाली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तोंडातून शब्द गेला आणि ज्ञानूनं मान खाली घातली. पोरीला वाटेला लावेपर्यंत सगुणाबाईच्या कानात एकच गोष्ट घुमत होती. मागच्या आठवड्यात पूनम फोनवर म्हणाली होती, "आई, सांजचं अंग मोडून येतंय गं. उन्हाचं आसंल."

तिनं फोन लावला. "पूने, दूध उकळून पीत जा."

"आत्या धार काढून तशीच गिलास हातात देत्यात. का गं?"

"उन्हाळा हाय. नासतं."

"काढल्या काढल्या कसं नासंल आई?" पूनम हसली, आणि तेवढ्यात गिताबाईनं फोन घेतला.

"काय विहीणबाई, आपलीच रीत आपणच मोडताय व्हय? तुमी सांगितल्यापासनं एक दिस चुकवला न्हाई म्या. आमच्या तिन्ही गाभडल्या, पर तुमची साळू खांबासारखी उभी हाय. पोरीच्या पायानं घर राखलं बघा."

यावर काय बोलायचं? जी बाई आपल्या लेकीला देव्हाऱ्यात बसवायची तेवढी बाकी ठेवतेय, तिला कसं सांगायचं की तुझ्या तिन्ही म्हशी माझ्या म्हशीमुळं गाभडल्या? सगुणाबाई हं हं करत राहिली. फोन ठेवल्यावर ज्ञानू हळूच म्हणाला, "त्या डॉक्टरणीला खुटबावच्या गोठ्यात धाड की. ती तपासंल, रोग हाय म्हणून सांगंल. कुठनं आला ते कुणाला कळतंय? तू कशाला तोंड काळं करून घेती?"

हा सल्ला तिला आवडला, हेच वाईट झालं. त्या दिवशी ती त्यावर थांबली, दुसऱ्या दिवशीही थांबली. वैष्णवीला फोन करायचा तर आधी आपण खोटं बोललो हे सांगावं लागणार, म्हणून तोही राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी पूनमचाच फोन आला. ताप सकाळपासून उतरला नव्हता आणि पोट मधूनच दगडासारखं होत होतं. पाचवा महिना लागलेला.

सगुणाबाई उठली ती तशीच ज्ञानूच्या मोटरसायकलवर बसली. न्हावरे गेलं, भीमेचा पूल गेला, चौफुला गेला. वैशाखाचं ऊन तोंडावर येत होतं. खुटबावच्या अलीकडं गुऱ्हाळांचा धूर आणि गुळाचा वास लागला तेव्हा तिच्या ध्यानात आलं की पाण्याची बाटली घरीच राहिली.

पूनम ओसरीत आडवी होती, तोंड लाल झालेलं. मारुतराव खाटेवर बसून फोनवर गाडी बघत होते. गिताबाई तांब्या-भांडं घेऊन पुढं आली आणि आठवण होऊन थबकली.

"विहीणबाई, बसा. म्या बोलते ते आधी ऐका," सगुणाबाई म्हणाली. घसा असा सुकला होता की शब्द चिकटत होते. "पूनमचा ताप उन्हाचा न्हाई. साळूचा हाय. तुमच्या म्हशी गाभडल्या तो रोग साळूनं आणला. माझ्या भुरीत तो हाय, तिच्यातनं साळूत आला. त्यांना काय होत न्हाई, दुसऱ्याला होतं. निरश्या दुधातनं माणसालाबी होतो. मला ठावं नव्हतं. देवाशपथ ठावं नव्हतं देताना."

गिताबाई खाली बसली. तांब्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडलं.

"म्हंजी म्या तिला माझ्या हातानं पाजलं," ती म्हणाली.

सगुणाबाईनं शिव्यांची तयारी ठेवली होती, या वाक्याची ठेवली नव्हती. ती गिताबाईचा हात धरायला पुढं झाली आणि गिताबाईनं हात काढून घेतला.

"पाव्हणं," मारुतराव ज्ञानूकडं वळून म्हणाले, "आंदण म्हणून रोग धाडला व्हय आमच्या घरी?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. ज्ञानू जमिनीकडं बघत उभा राहिला.

पूनम कोपरावर उठून बसली होती. "आई, तू दूध उकळ म्हणलीस तवा तुला ठावं व्हतं?"

सगुणाबाईनं होकाराची मान हलवली.

"मग सांगितलं का न्हाईस? त्यानंतरबी मी पीतच व्हते की."

सगुणाबाईकडं सांगायला होतं ते एवढंच, की मला तुझी आणि माझी शोभा वाचवायची होती. ते लेकीच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं.

पूनमला दौंडला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना सगुणाबाईनं दारातच म्हशीपासून सगळं सांगितलं. बाईंनी तिला मधेच थांबवलं नाही, उलट दोनदा विचारून घेतलं आणि रक्त त्याच तपासाला पाठवलं. तपास तसाच आला. दोन तऱ्हेच्या गोळ्या दीड महिना चुकवायच्या नाहीत, अशी ताकीद मिळाली. बाळाचे ठोके लागत होते. "आता तरी आहेत," बाई म्हणाल्या. "ताप उतरू दे, मग बघू. दिवस भरेपर्यंत मी काही कबूल करणार नाही." गिताबाईचेही सांधे महिनाभर दुखत होते. वयाचं म्हणून ती तेल चोळत बसली होती. तिचंही रक्त तसंच निघालं. विक्रम शिक्रापूरहून रात्रपाळी टाकून आला, बायकोच्या उशाशी बसला, आणि सासूशी एक शब्द बोलला नाही.

दौंडहून सगुणाबाई एकटी खुटबावला परतली, तेव्हा गोठ्यासमोर टेम्पो उभा होता. व्यापारी साळूचं दावं सोडत होता आणि मारुतराव पाठ करून उभे होते.

"कुठं चालली?" सगुणाबाईनं विचारलं.

"बाजारात. दिसायला देखणी हाय, घेईल कुणीबी."

घेईल कुणीही, हे खरंच होतं. सगुणाबाईला तिच्या स्वतःच्या म्हशी आठवल्या. त्या गाभडलेल्या, ज्यांचा मोह तिनं धरला नव्हता. त्या कुणाच्या दावणीला गेल्या, तिथं काय झालं, हे इतक्या वर्षांत तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. भुरीचा वंश पणजीपर्यंत सांगणाऱ्या बाईला त्या म्हशींचं पुढचं काहीच सांगता आलं नसतं. ती जाऊन टेम्पोच्या फळीला पाठ लावून उभी राहिली.

"पाव्हणं, ही जिथं जाईल तिथंबी एखादी पूनम आसंल," ती म्हणाली. "म्या केलं ते तुमी करू नका."

"मग ठिवून काय करू? कोण काढायचं हिचं शेण, धार? माझी आजारी बायकू, का पोटुशी सून?"

"म्या काढते."

"तुमी? इथं राहून?" मारुतराव पहिल्यांदा तिच्याकडं वळले. लेकीची आई लेकीच्या सासरी मुक्काम टाकते, हे त्यांनी ऐकलं नव्हतं.

"घरात न्हाई येत. गोठ्यातच करीन."

व्यापारी दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. बोलण्यावरून म्हशीत रोग आहे हे त्यानं ओळखलं होतंच. दावं खाली टाकून तो रिकामा टेम्पो घेऊन गेला. मारुतरावांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पायांत चपला सरकवून ते पारावर निघून गेले.

त्या संध्याकाळी सगुणाबाईनं वैष्णवीला फोन केला. "पोरी, म्या खोटं बोलले व्हते तुझ्याशी," असं तिनं सुरुवातीलाच सांगितलं. पोरीनं त्यावर काही न विचारता कामाचंच बोलायला घेतलं. दुसऱ्या दिवशी ती खुटबावला आली, सगळ्या म्हशींचं रक्त घेतलं, सरकारी दवाखान्यात कळवलं. जिथं म्हशी गाभडल्या होत्या तिथं चुना पसरला आणि सगुणाबाईला रबरी हातमोजे नि गमबूट दिले. मेंढरं हाकलेल्या घराण्यातली ती बाई गमबूट घालून गोठ्यात फिरायला लागली तेव्हा गल्लीतली पोरं बघायला जमली. ज्ञानू शिरूरला परत गेला, भुरीला वेगळी बांधायला.

सगुणाबाई राहायला शेजारच्या ताईबाईकडं गेली. ही तिच्याच माहेरच्या गावची, इथं दिलेली, वयानं मोठी. तिच्याकडं भाकरी, तिच्याकडं पाणी, तिच्याच ओसरीत अंथरूण. सकाळी आणि सांजेला गोठ्यात यायचं, साळूला बाकीच्यांपासून लांब लिंबाखाली बांधायचं, धार काढायची. दूध ती स्वतः ताईबाईच्या चुलीवर उकळ्या फुटेपर्यंत तापवायची. उकळलं की त्याला काही होत नाही, हे वैष्णवीनं शंभर वेळा सांगितलं होतं. तरी त्या घरात ते कुणी तोंडाला लावत नव्हतं, म्हणून ताईबाईच मांजरांना पाजायची.

साळूला यातलं काही कळत नव्हतं, आणि तेच सोसवत नव्हतं. धार काढताना ती मान वळवून सगुणाबाईचा खांदा चाटायची. म्हशीवर राग धरावा तर तिचा काय दोष? तिच्या अंगातल्या चांगल्या गोष्टीनंच सगळं वाईट केलं होतं. हिच्या जागी रोगानं लोळणारी एखादी साधी म्हैस असती तर तो पहिल्या दिवशीच दिसला असता.

पूनम दवाखान्यातून घरी आली. ती खिडकीत बसून आईला गोठ्यात वाकताना बघायची. बोलायची, पण तोलून मापून. "जेवलीस का?" "व्हय." "ताप?" "सांजचा न्हाई आला आज." बाळ हलतंय असं ती एकदा आपणहून म्हणाली आणि सगुणाबाई साळूच्या पाठीआड तोंड करून रडली. गिताबाई मात्र बोलत नव्हती. गोठ्यावरून जाताना ती पदर सावरून सरळ पुढं बघत जायची. सगुणाबाईला त्यात काही गैर वाटत नव्हतं. आपण तिच्या जागी असतो तर दावणीचा खुंटा उपसून मागं लागलो असतो, असं ती ताईबाईला म्हणाली.

असं चाललं असताना वैष्णवीचा फोन आला. रेडकाचा तपास निर्मळ आला होता; पुढंही ते वेगळं ठेवून पुन्हा पुन्हा तपासणार होते. न्यायला कधी येऊ, असं ती विचारत होती.

"न्या," सगुणाबाई म्हणाली. "पर जिथं न्याल तिथं त्याची आई कोण ते लिवा. आन् तिनं काय केलं तेबी लिवा. नुसतं चांगलं लिवू नका."

तो दिवस उन्हानं फुटत होता. लिंबाखालीसुद्धा फुफाटा येत होता. गाभडलेल्या जागेवरची माती खणून काढून तिच्यावर पुन्हा चुना टाकायचं काम सगुणाबाईनं काढलं होतं. हातमोज्यांत हात उकडले होते, गमबुटात पाय उकडले होते. तोंडाला कोरड पडली होती, पण कुदळ खाली ठेवून ताईबाईच्या घरापर्यंत जायचंही त्राण नव्हतं. चार पावलांवर मारुतरावांचा पाण्यानं भरलेला रांजण होता. तिनं तिकडं बघायचं टाळलं. लेकराचे दिवस अजून भरायचे होते. रीत खरी की खोटी हे तिला ठाऊक नव्हतं. लेकीसाठी आपण जे जे केलं ते सगळं उलटं फिरलं, आता धरून ठेवण्यासारखं हे एवढंच उरलंय, असं तिला वाटत होतं.

सावली पडली म्हणून तिनं वर बघितलं. गिताबाई तांब्या घेऊन उभी होती.

"पाणी प्या," गिताबाई म्हणाली. आंदणाची गोष्ट उघडी पडली त्या दिवसानंतर तिनं सगुणाबाईशी काढलेले हे पहिलेच शब्द होते.

सगुणाबाईनं तांब्याकडं बघितलं. हे पाणी नाकारणं म्हणजे जुळू बघणारं पुन्हा तोडणं, हे तिला कळत होतं. तिचे डोळे भरून आले.

"न्हाई विहीणबाई. राग धरू नका. म्या अजून थांबलेय."

"ठावं हाय मला," गिताबाई म्हणाली. "ताईबाईच्या हौदातलं हाय. तांब्याबी तिचाच हाय. आमचं न्हाई पाजत मी तुमाला इतक्यात."

सगुणाबाईनं हातमोजे काढले. हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, मग तांब्या घेतला आणि उभ्यानंच सगळं पाणी पिऊन टाकलं. गिताबाई ते संपेपर्यंत उन्हात थांबली. मग रिकामा तांब्या घेऊन ती निघाली. स्वतःच्या घरात न शिरता दारावरून तशीच पुढं ताईबाईकडं गेली आणि तो तिथं ठेवून आली.